फाशी चुकलेला चित्रपट

भुताखेतांचा चित्रपट हा सुशिक्षित माणसाने गंभीरपणे घेण्याचा विषय नव्हे, अशी माझी अनेक वर्षांची समजूत होती. पांढरी साडी, कुरकुरणारे दार, विझू पाहणारी मेणबत्ती आणि अमावास्या एवढ्या भांडवलावर चालणारा हा धंदा. त्याची दखल घ्यावी ती फार तर तिकीटविक्रीपुरती. आमच्या महाविद्यालयातील चित्रपट मंडळाचा कारभार माझ्याकडे आला तोही रसिकतेमुळे नव्हे, तर कोणीतरी सही करायला हवे म्हणून. एके दिवशी मंडळाच्या विद्यार्थ्यांनी १९२२ सालचा एक जर्मन भयपट दाखविण्याची परवानगी मागितली. मूकपट असल्याने शेजारच्या वर्गांना उपद्रव होणार नाही, एवढा एकच गुण मला त्यात दिसला आणि मी अर्जावर सही केली.

चित्रपट होता ‘नोस्फेरातू’. पहिली दहा मिनिटे वर्गात हशा चालू होता. नायकाचे उड्या मारीत चालणे, पात्रांचे अतिरेकी हावभाव यांवर शेरे मारले जात होते आणि मी ते मारू दिले. हसणे नेमके केव्हा थांबले हे सांगता येणार नाही; परंतु एकही जिवंत खलाशी नसलेले जहाज जेव्हा संथपणे बंदरात शिरू लागले, तेव्हा वर्गात पंख्यांखेरीज कशाचाही आवाज नव्हता. दिवे लागल्यावर मुले नेहमीप्रमाणे बाके आपटीत उठली नाहीत.

मी घरी परतलो तो थोडासा खजील होऊन. जगाने शंभर वर्षे जिची चर्चा केली ती कलाकृती मी चाळिशी उलटल्यावर आणि तीही केवळ योगायोगाने पाहत होतो. पुढे तिचा इतिहास वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की, हा चित्रपट आज कोणालाही पाहता येतो हाच मुळात मोठा योगायोग आहे. १९२५ साली एका जर्मन न्यायालयाने त्याची प्रत्येक प्रत नष्ट करावी असा निर्णय दिला होता. मृत्युदंड झालेला हा चित्रपट वाचला कसा, आणि ज्यांना कोणीच शिक्षा दिली नव्हती ते आपले चित्रपट मेले कसे, या दोन प्रश्नांचा एकत्र विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे.

कारकुनाची गोष्ट

प्रथम चित्रपटाविषयी. ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. ‘नोस्फेरातू’चे कथानक तिच्यावरून उचललेले आहे, नावे मात्र बदलली आहेत. काउंट ड्रॅक्युलाचा काउंट ऑर्लॉक झाला आणि लंडनऐवजी विस्बोर्ग नावाचे एक काल्पनिक जर्मन बंदर आले. काळ १८३८ चा. कथानायक हुटर हा घरांच्या दलालीचा व्यवसाय करणाऱ्या एका कचेरीतील नोकर. त्याचा मालक त्याला भरपूर पैशाची लालूच दाखवून दूर कार्पेथियन पर्वतात एका सरदाराकडे घर विकण्यासाठी पाठवितो. हे घर नेमके हुटरच्याच घरासमोर आहे. नोकरीत बढती मिळेल, चार पैसे गाठीला राहतील, या आशेने तो तरुण पत्नीला मित्राच्या घरी ठेवून निघतो आणि ज्याला घर विकतो त्यालाच आपल्या गावात आणून बसवितो. भयकथेचा आरंभ असा साध्या खरेदीखताने व्हावा, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या अध्यापकाला आवडली नसती तरच नवल. मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात भांडवलाला जिवंत श्रमाचे रक्त शोषणाऱ्या पिशाचाची उपमा दिली होती, तिचीही आठवण येथे होते. परंतु चित्रपट कोणताही सिद्धान्त सांगत नाही. सरदार करारावर सही करतो, हुटर खूश होतो आणि आपल्याला मात्र पुढचे सारे दिसत असते.

दिग्दर्शक फ्रीडरिष विल्हेल्म मुर्नाउ त्या वेळी तेहेतीस वर्षांचा होता. पहिल्या महायुद्धात त्याने जर्मन विमानदलात काम केलेले होते. त्या काळचे बहुतेक जर्मन चित्रपट स्टुडिओत, रंगविलेल्या पडद्यांपुढे आणि वेड्यावाकड्या नेपथ्यात घेतले जात. मुर्नाउने कॅमेरा उचलून खऱ्या जगात नेला. विस्मार आणि ल्यूबेक या जुन्या बंदरांतील गल्ल्या, ल्यूबेकमधील मिठाची प्राचीन गोदामे, आजच्या स्लोव्हाकियातील ओरावाचा किल्ला आणि तेथील डोंगर, ही या चित्रपटाची स्थळे आहेत. भय खोट्या जगात घडले तर त्याला आपण नाटक म्हणून सोडून देतो. रोजच्या रस्त्यावर, दिवसाउजेडी, आपली शवपेटी स्वतःच काखेत घेऊन चाललेला तो उंच, टकला, उंदरासारख्या दातांचा माणूस पाहिल्यावर सोडून देण्याची सोय उरत नाही.

ऑर्लॉकची भूमिका माक्स श्रेक या नटाने केली. ‘श्रेक’ या जर्मन शब्दाचा अर्थच मुळी धास्ती. सुमारे दीड तासाच्या या चित्रपटात तो सारा मिळून दहा मिनिटेही दिसत नाही. तरीही चित्रपटभर तोच असतो. वाऱ्यात, शिडात, घाबरलेल्या घोड्यांत आणि गावकऱ्यांच्या चेहऱ्यांत. साधने म्हणावीत तर अगदी तुटपुंजी. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी कॅमेरा एकच होता. पिशाचाची बग्गी जंगलातून धावते तेव्हा मुर्नाउने चक्क निगेटिव्ह फिल्मच दाखविली आहे. त्यामुळे झाडे पांढरीफटक आणि आकाश काळे दिसते. जहाजाच्या तळघरात शवपेटीतून ऑर्लॉक गुडघा वा कंबर न वाकविता, एखाद्या फळीसारखा ताठ उभा राहतो. आणि शेवटी जिन्यावरून चढणारी ती सावली! माणूस दिसत नाही. दिसते ती वाकलेली पाठ, लांबत जाणारी बोटे आणि मग झोपलेल्या स्त्रीच्या छातीवर पसरून तिचे काळीज मुठीत धरणारी हाताची छाया. अंधार आणि भिंत यांखेरीज या दृश्याला काहीही खर्च आलेला नाही. आजच्या भयपटांत कोट्यवधी रुपये खर्चून जे दाखविले जाते, ते या सावलीने न दाखविता साधले आहे.

दवंडी आणि खडूची फुली

माझ्या मनाची खरी पकड घेतली ती मात्र सावलीने नव्हे, तर साथीने. ‘ड्रॅक्युला’ कादंबरीत प्लेग नाही. मुर्नाउ आणि त्याचा पटकथाकार हेन्रिक गालेन यांनी तो आणला. ऑर्लॉकच्या मातीने भरलेल्या पेट्यांतून उंदीर येतात. जहाजावरील माणसे एकेक करून मरतात. कप्तान स्वतःला सुकाणूला बांधून घेतो आणि प्रेतवाहू जहाज गावात येऊन थडकते. मग रिकाम्या रस्त्यावर एक माणूस ढोल वाजवीत येतो आणि दवंडी पिटतो. खिडक्या उघडतात, लोक ऐकतात, खिडक्या बंद होतात. कोणी एक अधिकारी दारादारांवर खडूने फुल्या मारीत जातो. एका खिडकीतून नायिका पाहते, तो खाली अरुंद गल्लीतून शवपेट्यांमागून शवपेट्या चाललेल्या असतात. सबंध दृश्यात रक्ताचा थेंब नाही.

महाराष्ट्रातील माणसाला हे दृश्य परके वाटण्याचे कारण नाही. १८९६ मध्ये मुंबईत आणि पुढच्याच वर्षी पुण्यात प्लेगने जो हाहाकार उडविला, त्याच्या आठवणी आपल्या घराघरांत तीन पिढ्या सांगितल्या गेल्या. ‘ड्रॅक्युला’ लंडनमध्ये प्रकाशित झाली ती २६ मे १८९७ रोजी. त्यानंतर महिनाही लोटला नव्हता तोच २२ जून रोजी पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. लंडनचा वाचक परदेशातून जहाजाने येणाऱ्या काल्पनिक मृत्यूच्या कथेने शहारत होता, त्याच वर्षी पुण्यात गोरे सोजीर घरात शिरून माजघर आणि देवघर तपाशीत होते. त्याच वर्षीच्या १० मार्चला प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना मरण आले होते. या घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध काहीच नाही, हे उघड आहे. तथापि प्रेक्षक चित्रपटगृहात रिकाम्या मनाने येत नसतो. १९२२ चा जर्मन प्रेक्षकही आला नव्हता. महायुद्धात सुमारे वीस लाख जर्मन सैनिक मारले गेले होते आणि १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाने जगभर, त्यातही भारतात सर्वाधिक, माणसे नेली होती. शवपेट्यांची ती रांग पाहताना त्या प्रेक्षकाला कल्पनाशक्ती फारशी ताणावी लागली नसेल. २०२० नंतर आपल्यालाही ती लागत नाही. मुले हसायची थांबली ती याच सुमारास असावीत.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. या साथीपुढे गावातील शहाणी माणसे काहीही करू शकत नाहीत. डॉक्टर आहेत, कीटकभक्षक वनस्पतींवर व्याख्याने देणारे प्राध्यापकही आहेत. त्यांच्या हातून काही होत नाही. गाव वाचते ते हुटरच्या पत्नीमुळे. निष्कलंक मनाच्या स्त्रीने पिशाचाला कोंबडा आरवेपर्यंत स्वतःपाशी गुंतवून ठेवले तर सूर्यकिरण त्याचा नाश करतील, असे ती एका ग्रंथात वाचते आणि स्वतःचा बळी देऊन ते करून दाखविते. सूर्यप्रकाशाने पिशाचाचा अंत होतो ही कल्पना आज सर्वांना पुरातन लोकसमजूत वाटते. वस्तुतः कादंबरीतील ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो. उन्हाने मरणारे पिशाच ही या चित्रपटाची जगाला देणगी आहे. ज्यांनी तो कधी पाहिला नाही अशा शेकडो लेखक-दिग्दर्शकांनी ती पुढे वापरली.

प्रशंसेच्या भरात एक गोष्ट लपविता येत नाही. ऑर्लॉकचे वाकडे नाक, परक्या मुलखातून येऊन त्याने घर विकत घेणे, त्याच्यासोबत येणारे उंदीर आणि रोगराई, यांत त्या काळच्या युरोपातील ज्यूद्वेष्ट्या व्यंगचित्रांची छाया अनेक अभ्यासकांना दिसली आहे. पटकथाकार गालेन स्वतः ज्यू होता आणि दलालाची भूमिका करणारा अलेक्झांडर ग्रानाख हाही ज्यूच. तेव्हा हेतूचा आरोप करणे अवघड आहे. परंतु प्रतिमांना हेतूची गरज नसते. १९४० मध्ये नाझींनी काढलेल्या प्रचारपटात ज्यूंची तुलना उघडउघड उंदरांशी करण्यात आली, आणि त्यापूर्वीच ग्रानाखसारख्या नटाला जर्मनी सोडावी लागली होती. भय हे पसरणारे असते. ते कोणाच्या नावावर चढविले जाईल हे भयकथा ठरवीत नाही, समाज ठरवितो. जुनी कलाकृती पाहावी ती हे भान ठेवून. मात्र भान ठेवणे म्हणजे न पाहणे नव्हे.

‘प्राण’ नावाची कंपनी

आता अर्थकारणाकडे वळू. हा चित्रपट काढणाऱ्या कंपनीचे नाव वाचून मी थबकलो. नाव होते ‘प्राना फिल्म’. हा आपलाच ‘प्राण’ शब्द. थिऑसफीच्या मार्गाने तो जर्मनीत पोहोचला होता. निर्माता आणि नेपथ्यकार आल्बिन ग्राऊ याला गूढविद्येचा नाद होता. तशाच विषयांवर अनेक चित्रपट काढण्याचे त्याचे बेत होते. प्रत्यक्षात कंपनीने एकच चित्रपट काढला आणि तिचा प्राण गेला.

साल लक्षात घ्यावे. १९१४ च्या जुलैत एका डॉलरला ४.२ मार्क पडत. १९२२ च्या जानेवारीत १९२ पडू लागले, आणि जुलैत ४९३. पुढची अधोगती प्रसिद्धच आहे. नोव्हेंबर १९२३ मध्ये तो आकडा ४.२ लाख कोटी मार्कांवर गेला. या चलनवाढीने जर्मन चित्रपटधंद्याला एका अर्थी हातभारच लावला. मार्क घसरत असल्याने जर्मन चित्रपट परदेशांत स्वस्त पडत आणि परदेशी चित्रपट जर्मनीत महाग. हातातल्या नोटेची किंमत उद्यावर टिकणार नसल्याने लोकही ती करमणुकीवर खर्च करून मोकळे होत. परंतु जाहिरातीची हौस आणि हिशेबाचा अभाव यांचा संयोग झाला की कोणतीही अनुकूल बाजारपेठ कंपनीला वाचवू शकत नाही. ४ मार्च १९२२ रोजी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातील संगमरवरी दालनात मोठा समारंभ करून ‘नोस्फेरातू’ दाखविण्यात आला आणि त्याच वर्षी कंपनीचे दिवाळे वाजले.

आणि एवढा सारा व्याप ज्या कादंबरीवर उभा होता, तिचे हक्क कंपनीने घेतलेलेच नव्हते. स्टोकर १९१२ मध्ये वारला होता. त्याची विधवा पत्नी फ्लॉरेन्स हिला या चित्रपटाची वार्ता लागली तेव्हा तिने लेखकांच्या संघटनेच्या साहाय्याने जर्मनीत दाद मागितली. नुकसानभरपाई मागावी तर कंपनीपाशी पैसाच नव्हता. तेव्हा तिने मागणी केली ती चित्रपट नष्ट करण्याची, आणि १९२५ मध्ये न्यायालयाने ती मान्य केली.

या बाईंना खलनायिका ठरविण्याची रीत आहे. ती मला पटत नाही. पतीच्या मागे तिच्यापाशी मिळकत अशी थोडीच होती आणि ‘ड्रॅक्युला’ ही तिच्यातील महत्त्वाची ठेव होती. दुसऱ्याच्या शेतातील पीक न विचारता कापून नेणाऱ्याने पीक चांगले शिजविले म्हणून त्याचा गुन्हा कमी होत नाही. तिने हक्काचे रक्षण केले म्हणूनच पुढे रंगभूमीसाठी रीतसर परवानगीने नाटक झाले आणि हॉलिवुडच्या युनिव्हर्सल कंपनीने हक्क विकत घेऊन १९३१ मध्ये ‘ड्रॅक्युला’ काढला. म्हणजे लेखकाच्या वारसाला मोबदला मिळण्याची व्यवस्था टिकली. हे सर्व मान्य करूनही प्रश्न उरतोच. प्रदर्शन थांबविणे वेगळे आणि वस्तू नष्ट करणे वेगळे. प्रदर्शन थांबविल्याने हक्कदाराचे हित पुरेपूर साधते. वस्तू नष्ट केल्याने त्यात तसूभरही भर पडत नाही. उलट, पुढे केव्हातरी मुदत संपून ती वस्तू सर्वांची होणार असते, त्या सर्वांचे कायमचे नुकसान होते. स्टोकरच्या लेखनावरील हक्काची मुदत ब्रिटनमध्ये त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी, म्हणजे १९६२ मध्ये संपली. न्यायालयाचा निर्णय तंतोतंत अमलात आला असता तर त्या दिवशी सर्वांच्या मालकीचे होण्यासारखे काही उरलेच नसते.

तो अमलात आला नाही, कारण चित्रपटाच्या प्रती तोपर्यंत जर्मनीबाहेर गेलेल्या होत्या. निकाल एका देशाचा आणि प्रती अनेक देशांत. कोणी एका शूर माणसाने हा चित्रपट वाचविला नाही. तो विखुरलेला होता म्हणून वाचला. निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या उपशीर्षकांसह, कापलेल्या आणि जोडलेल्या अवस्थेत त्याचे तुकडे पडून राहिले. १९८० च्या दशकात आणि पुन्हा २००५-०६ मध्ये जर्मन अभिलेखपालांनी ते जुळविले. त्यात फ्रान्समध्ये उरलेल्या १९२२ च्या एका रंगीत छटांच्या प्रतीचा फार उपयोग झाला. या छटांचे महत्त्व असे की, रात्रीची दृश्ये दिवसा चित्रित करून फिल्मला निळा रंग दिलेला होता. मधल्या काळात केवळ काळ्या-पांढऱ्या प्रती फिरत राहिल्या आणि उन्हाने मरणारे हे पिशाच भर उन्हात कसे हिंडते, म्हणून प्रेक्षक हसत. निळा रंग परत आला आणि रात्रही परत आली. जुन्या कलाकृतीला आपण जेव्हा हसतो तेव्हा दोष तिचा असतो की आपल्या हाती आलेल्या प्रतीचा, हे तपासून पाहावे, एवढा धडा तरी यातून घ्यावा.

आपल्याकडील हिशेब

येथवर वाचून एखादा वाचक म्हणेल की, जर्मनांच्या भुताशी आम्हांला काय कर्तव्य? संबंध आहे. ‘महल’ (१९४९) या आपल्याकडील गाजलेल्या भूतकथेतील ते अंधारे जिने आणि हलत्या सावल्या ज्याने टिपल्या तो छायाचित्रकार योझेफ विर्शिंग हा जर्मनच होता. बॉम्बे टॉकीजच्या उभारणीसाठी आलेल्या जर्मन तंत्रज्ञांपैकी तो एक. धारप-मतकरींच्या कथा कंदिलाच्या वा रात्रीच्या दिव्याच्या उजेडात वाचलेल्या मराठी वाचकाला तर भीतीची चव नव्याने शिकविण्याची गरज नाही. परंतु मला अभिप्रेत असलेला संबंध याहून कटू आहे.

ज्या १९२५ मध्ये जर्मन न्यायालयाने ‘नोस्फेरातू’ला शिक्षा ठोठावली, त्याच साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट पडद्यावर आणला. हरि नारायण आपट्यांच्या कथेवरील या चित्रपटात सावकाराच्या कागदावर अंगठा उठवून जमिनीस मुकलेल्या शेतकऱ्याची कहाणी होती आणि शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम होते. रक्त शोषणारा आणि सहीपासून सुरू होणारा विनाश याही चित्रपटात होता. फक्त पिशाच काल्पनिक नव्हते. भारतीय चित्रपटातील वास्तववादाचा आरंभ म्हणून ज्याचा गौरव होतो तो हा चित्रपट आज आपल्याला पाहता येत नाही. त्याची प्रत उरलेली नाही. १९३१ चा ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, त्याचीही प्रत नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांपैकी पूर्ण वा अर्धवट अवस्थेत उरले ते तिसाच्या आसपास.

कोणत्या न्यायालयाने त्यांना शिक्षा दिली होती? कोणत्याच नाही. काही प्रती हवामानाने कुजल्या, काही आगीत गेल्या आणि कित्येक रुप्यासाठी विकल्या गेल्या. जुन्या फिल्मवर चांदीचा थर असे. चित्रपटाचे उत्पन्न आटले की ती धुऊन, जाळून चांदी काढणारे गिऱ्हाईक मिळे. त्या क्षणी बाजाराच्या दृष्टीने त्या चित्रपटाची किंमत म्हणजे त्यातील चांदीची किंमत. ज्यांनी विकले त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. गोदामाचे भाडे त्यांना भरावे लागत होते आणि भावी पिढ्या भाडे भरायला येत नाहीत. अर्थशास्त्रात आम्ही शिकवितो की, ज्या वस्तूचा लाभ सर्वांना होतो पण किंमत कोणीच मोजत नाही तिचे जतन बाजार करीत नाही. ते समाजाला, म्हणजे शासनाला, करावे लागते. फळ्यावर लिहिताना हे वाक्य फार कोरडे वाटते. ‘सावकारी पाश’ या नावापुढे रिकामी जागा पाहिली की ते कोरडे राहत नाही.

शासनाने काहीच केले नाही असेही नव्हे. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून, गावोगाव हिंडून, पेट्या उघडून जे मिळेल ते जमा केले. फाळक्यांचे चित्रपट आज जेवढे दिसतात त्यामागे त्यांचे परिश्रम आहेत. परंतु २००३ च्या जानेवारीत पुण्यातच नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जमविलेल्यांपैकीही काही हातचे गेले. २०२२ मध्ये ही संस्था चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली. विलीनीकरणाने कारभार सुधारतो की जबाबदारी पातळ होते, हे येणारा काळ ठरवील. मला मुद्दा मांडायचा आहे तो निराळा. ‘नोस्फेरातू’ने शिकविलेला धडा असा की, सुरक्षितता भक्कम कुलपात नसते, ती अनेक ठिकाणी असण्यात असते. एकाच ठिकाणी ठेवलेला ठेवा एका आगीचा ओलीस असतो.

पुस्तकांच्या बाबतीत हे तत्त्व आपण फार पूर्वी स्वीकारले आहे. १९५४ च्या कायद्यान्वये प्रत्येक प्रकाशकाने आपल्या पुस्तकाच्या प्रती देशातील चार ग्रंथालयांकडे पाठवावयाच्या असतात. त्यांपैकी एक ग्रंथालय मुंबईत आहे. कोलकात्यात पूर आला तरी पुस्तक मुंबईत उरावे, हे त्यामागचे शहाणपण. चित्रपट मात्र या कायद्याच्या कक्षेत नाहीत. प्रत्येक चित्रपटाची टिकाऊ स्वरूपातील प्रत निरनिराळ्या शहरांतील किमान तीन-चार संग्रहांत ठेवणे कायद्याने बंधनकारक करावे आणि हक्काची मुदत संपेपर्यंत ती प्रदर्शनाला बंद ठेवावी. तसे केल्यास लेखकाच्या विधवेचाही तोटा होणार नाही आणि तिच्या पणतूच्या पिढीचाही नाही. आपल्याकडे चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे चालतो. साठ वर्षांनी चित्रपट सर्वांचा होईल तेव्हा तो हयात असावा, एवढीच मागणी आहे. आजचे चित्रपट फिल्मवर नव्हे तर संगणकीय तबकड्यांवर असतात म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी, दहा वर्षांपूर्वी जपून ठेवलेली एखादी तबकडी आज चालते का, हे घरीच पाहावे.

जुन्याचे कौतुक म्हणजे सारे जुने चांगले होते असे म्हणणे नव्हे. ‘नोस्फेरातू’तही कंटाळवाणे प्रसंग आहेत, नायक तर आजही हसू आणतो. कौतुक म्हणजे पाहण्यापूर्वी निकाल न देणे. आणि निकाल द्यायचा तर पुरावा जागेवर असावा लागतो. मी अनेक वर्षे भयपटांना न पाहताच शिक्षा सुनावीत होतो. त्या सायंकाळी पोरांनी माझ्याकडून सही घेतली नसती, तर तो निकाल कायम राहिला असता.

पुढल्या सत्रात मंडळाने आपल्याकडील मूकपट दाखवावेत असे ठरविले आहे. विद्यार्थ्यांनी इतिहास चाळून आठ-दहा नावांची यादी आणून दिली. त्यांपैकी बहुतेकांपुढे मला लाल शाईने एकच शेरा लिहावा लागला: ‘उपलब्ध नाही.’ यादीत पहिले नाव ‘सावकारी पाश’चे होते.